मधलं माप

मी एक जुना पुतळा आहे. चौकातला नव्हे, मित्रांनो. चौकातल्या पुतळ्याला डोकं असतं, हातात काहीतरी असतं आणि वर्षातून एकदा का होईना, गळ्यात हार पडतो. मला मानेच्या वर काही नाही, खांद्यांच्या पुढे काही नाही आणि कमरेखाली एक लोखंडी दांडा आहे. मी शिलाईच्या कारखान्यातला पुतळा आहे. माझ्या अंगावर कपडे चढवतात, टाचण्या टोचतात, दोन पावलं मागे सरून मान वाकडी करून बघतात आणि पुन्हा उतरवतात. मला राग येत नाही, दुखत नाही आणि भूक लागत नाही, म्हणून आयुष्यभर माझं कौतुक झालं. भूक न लागण्याचं कौतुक पुढे एका मुलीच्या वाट्याला आलं. तिचीच गोष्ट सांगायची आहे. गोड नाही ती. गोड काही ऐकायचं असेल तर त्या कोपऱ्यातल्या इस्त्रीला विचारा, ती सगळ्यांशी उबेनं वागते.

माझा जन्म कागदाच्या लगद्यातला. साच्यावर थरावर थर चढवले, वाळवले, वर जाड कापडाची कातडी शिवली. पोटात चाकं आणि सळ्या बसवल्या. छाती, कंबर आणि त्याखाली अशा तीन ठिकाणी तीन चाव्या. चावी सरळ फिरवली की मी फुगायचो, उलटी फिरवली की आवळायचो. ज्या कारागिरानं मला घडवलं त्यानं पहिल्यांदा चावी फिरवून पाहिली आणि तो म्हणाला, "घ्या! माणसांना जन्मभर जमत नाही ते याला एका चावीत जमतं." बाकीचे हसले. तेव्हा मलाही तो विनोदच वाटला होता.

मला विकत घेतलं ते मास्तरांनी. दुकानांच्या रांगेवरच्या मजल्यावर त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. मध्ये कापड बेतायचं भलंमोठं टेबल, खिडकीकडेनं शिलाई मशिनं, टोकाला इस्त्री, आणि एक जाड पडदा. पडद्यामागे मास्तरांचं घर. पहिल्या मशिनवर त्यांची बायको बसायची, तिला सगळे काकू म्हणत. दाराशी काज-बटणवाल्या मावशी बसायच्या. त्यांच्या मांडीवर कायम कुणाचा तरी ड्रेस आणि तोंडात कायम कुणाची तरी गोष्ट असायची. मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख करून द्यायचे, "हा आमचा सगळ्यांत गुणी माणूस. चहा मागत नाही, सुट्टी मागत नाही." मी मनातल्या मनात फुगायचो. चावीशिवाय.

मग एका हंगामात माझ्या कमरेची चावी अडकली. अडकली तीही सगळ्यांत मोठ्या मापावर. मास्तरांनी दोनदा जोर लावून पाहिला आणि म्हणाले, "तेल सोडायला हवं. बघू." मित्रांनो, त्या घरात 'बघू' म्हणजे विषय संपला. गळका नळ 'बघू' होता, हलणारा पंखा 'बघू' होता, आता मीही 'बघू' झालो.

त्याच सुमारास मास्तरांची पुतणी शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहायला आली. कॉलेज करायचं आणि उरलेल्या वेळात कारखान्यात हात लावायचा, असं ठरलं होतं. हुशार मुलगी. सांगितलेलं काम अर्धवट टाकणं तिला माहीत नव्हतं. मास्तरांनी सहज तिच्या कमरेला टेप लावली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, ही तर आपलं मधलं माप! अगदी दोरा इकडचा तिकडे नाही! आता पुतळा हवाय कशाला?" त्या दिवसापासून ती सगळ्यांची 'मधली' झाली. आपल्या घरी ती थोरली होती, पण ते आता कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

या धंद्यात मधल्या मापाला काय मोल असतं ते तुम्हाला सांगायला हवं. नव्या हंगामाचा पहिला ड्रेस मधल्या मापात शिवतात. तो कुणाच्या तरी अंगावर चढवून टाचण्या लावून नीट बसवतात. मग त्यावरून पुठ्ठ्याचा फर्मा कापतात. त्याच फर्म्यावरून लहान आणि मोठी मापं निघतात आणि थप्प्याच्या थप्प्या कापड कापलं जातं. म्हणजे फर्मा चुकला की सगळंच चुकलं. एरवी हे काम माझ्या अंगावर व्हायचं. आता मधली स्टुलावर उभी राहायची आणि मी पडद्याजवळच्या कोपऱ्यात, चिंध्यांच्या पोत्यांसमोर. तिथून मला टेबलही दिसायचं आणि स्वयंपाकघरही. दोन्हीकडचं दिसणारा त्या घरात मी एकटाच होतो, आणि मला तोंड नव्हतं.

सुरुवातीला ती हौसेनं उभी राहायची. नवे कपडे आधी तिच्या अंगावर यायचे, कुठल्या मुलीला आवडणार नाही? माल घ्यायला येणारा व्यापारी बघून म्हणायचा, "अशी अंगकाठी मिळायला नशीब लागतं." काकू म्हणायची, "आमच्या घराण्यातच आहे ते." काकू सून म्हणून आलेली, तिचा त्या घराण्याशी अंगकाठीपुरता काय संबंध, पण कौतुकाला कोण नाही म्हणतं!

आणि मग एक दिवस मास्तर टाचण्या तोंडात धरून, तिच्या कमरेशी वाकून सहज बोलले, "काय गं, आज जेवणावर चांगला हात मारून आलीस वाटतं? कालपेक्षा घट्ट होतंय."

सगळे हसले. मशिनवरचे हसले, मावशी हसल्या, पडद्यामागून काकू हसली. मधलीही हसली. मास्तरांच्या मनात काही नव्हतं हो. ते पुढच्याच क्षणी विसरले. पण त्यानंतर ज्या दिवशी तिला स्टुलावर उभं राहायचं असेल त्या दिवशी ती सकाळपासून जेवेना. पुढे पुढे आदल्या दिवशीही जेवेना. "कॉलेजात खाल्लं" म्हणायची. "पोट भरलंय" म्हणायची. काकू मावशींना अभिमानानं सांगायची, "आमच्या मधलीची खाण्याची म्हणून कटकट नाही. चिमणीएवढं खाते."

चिमणी काय करायची ते मी बघत होतो. मापं घेऊन झाली, मास्तर फर्मा कापायला वळले की ती माझ्या मागे पोत्यांच्या आडोशाला येऊन बसायची. पिशवीतून आणलेला पाव, बिस्किटं, जे हाताला लागेल ते घाईघाईनं गिळायची. चव कसली, धड चावणंही नाही. खाताना तिचा चेहरा चोरी करणाऱ्याचा असायचा आणि खाऊन झाल्यावर पकडल्या गेलेल्याचा. मग चिंध्यांच्या पोत्यावर कपाळ टेकून पुटपुटायची, "उद्यापासून नाही. उद्यापासून अजिबात नाही." आणि तोंड धुऊन पुन्हा काजाच्या सुईत दोरा ओवून द्यायला हजर.

मित्रांनो, ती वाळून काडी झाली नव्हती. चक्कर येऊन पडत नव्हती. रस्त्यात दिसली असती तर तुम्हीही म्हणाला असता, किती छान मुलगी आहे! सगळा घोटाळा तिथेच होता. तिचं दुखणं बाहेरून दिसण्याइतकं मोठं नव्हतं. आत मात्र डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत एकच घोर, काय खाल्लं, काय खायचं, काय खायला नको होतं. पुस्तक उघडून बसायची आणि तेच पान तासभर पुढे असायचं.

तरी ती गप्प बसली नाही, हे मी मुद्दाम सांगतो. लोक नंतर म्हणाले, "बोलली असती तर?" ती बोलली होती.

एका दुपारी काकू भाजी चिरत होती. मधली तिच्याजवळ जाऊन बसली. बराच वेळ शेंगा सोलत राहिली आणि मग म्हणाली, "काकू, मला ना, जेवायची भीती वाटते."

"कशाची?"

"जेवायची. ताट समोर आलं की पोटात गोळा येतो. आणि नाही जेवले तर दिवसभर दुसरं काही सुचत नाही."

काकूचा हात थांबला. तिनं मधलीकडे नीट पाहिलं. गाल भरलेले, केस छान बांधलेले. तिचा जीव भांड्यात पडला. "अगं वेडे, जेवण काय चावतं का? त्याला आपण चावायचं असतं!" स्वतःच्या विनोदावर ती इतकी खूश झाली की पडदा सारून तो तिनं मावशींनाही सांगितला. त्या दिवशी मधलीच्या ताटात भाताचा एक डाव जास्त पडला. काकू वाईट नव्हती. तिच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं, ते म्हणजे वाढणं. मधलीनं तो भात काकूसमोर संपवला आणि पुढचे कितीतरी दिवस त्याची शिक्षा स्वतःला दिली.

तरीही ती थांबली नाही. दोरे आणायला जाते सांगून ती एकटीच कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. किती धीर गोळा केला असेल पोरीनं! जाताना दारात दोनदा वळून परत आली. आली तेव्हा पिशवीत दोऱ्याची रिळं होती आणि टॉनिकची बाटली होती. मावशींनी बाटली बरोबर हेरली.

"हे काय गं? डॉक्टरकडे गेली होतीस?"

"काकूला सांगू नका."

"नाही सांगत. काय म्हणाले?"

"वजन केलं. म्हणाले, उत्तम आहे, काळजीचं कारण नाही. या वयात मुली असं करतातच."

"मग झालं तर! सुटलीस."

"मी म्हटलं, डॉक्टर, मला खरंच त्रास होतो. सारखं तेच डोक्यात असतं. तर म्हणाले, अजून कमी झालं तर या, मग बघू."

मावशींनी दोरा दातानं तोडला. "बरोबरच आहे त्यांचं. ज्यांना खरंखुरं काही झालंय त्यांचीच तिथे रीघ असते. तुझं काय एवढं!"

मला हात असते ना मित्रांनो, तर त्या दिवशी मी मावशींच्या बटणांचा डबा उधळून दिला असता. बुडणाऱ्याला कुणी सांगतं का, अजून नाकापर्यंत पाणी आलेलं नाही, आलं की हाक मार? पण मी कागदाच्या लगद्याचा. उभा राहिलो.

आणि मधली? मी म्हटलं ना, सांगितलेलं काम अर्धवट टाकणं तिला माहीत नव्हतं. अजून कमी झालं तर या. तिनं ते ऐकलं, खाली मान घालून रिळं खणात लावली, टॉनिकची बाटली माझ्या मागे पोत्यात खुपसली आणि कामाला लागली. शहाण्या माणसानं घातलेली अट होती. ती पुरी केली की मदत मिळणार होती.

पुढचं सांगताना माझ्या पोटातली चाकंसुद्धा गंजल्यासारखी होतात. ती बारीक होत गेली. हळूहळू, रोज बघणाऱ्याला कळणार नाही अशी. आणि जितकी बारीक होत गेली तितकं कौतुक वाढत गेलं. व्यापारी म्हणाला, "वा, आता तर चित्रातली दिसते!" मास्तर नव्या हंगामाचे ड्रेस तिच्या अंगावर बसवत होते, टाचण्या लावून जास्तीचं कापड आत घेत होते आणि फर्मे कापत होते. टेप त्यांच्या गळ्यातच होती. पण तिच्या कमरेला ती पुन्हा लावावी असं त्यांना कधी वाटलं नाही. मधली म्हणजे मधलं माप. ते एकदा ठरलं होतं.

मग गठ्ठे परत यायला लागले.

व्यापाऱ्यानं पहिला गठ्ठा टेबलावर आदळला. "मास्तर, काय शिवलंय हे? मधल्या मापाच्या बायकांना कमरेतून वर जात नाही. चेन अडकते. दुकानात माझी शोभा झाली."

मास्तरांनी डोळ्यांवर चष्मा चढवला आणि चूक शोधायला लागले. कापड आटलं असेल म्हणून कापड भिजवून पाहिलं. टेप खोटी म्हणून नवी आणली. मशिनवरच्यांना झापलं. शेवटी म्हणाले, "बायकाच जाड व्हायला लागल्यात, त्याला मी काय करू?" आणि खात्री म्हणून त्यांनी परत आलेला ड्रेस मधलीला घालायला लावला. ती स्टुलावर चढली. ड्रेस अंगासाठीच जन्मल्यासारखा बसला.

"बघा! बघा सगळ्यांनी!" मास्तर ओरडले. "कुठे चुकलंय? आहे कुठे चूक?"

चूक त्यांच्या डोळ्यांसमोर स्टुलावर उभी होती. घरातलं एकही माणूस आंधळं नव्हतं. बघत मात्र सगळे ड्रेसकडे होते.

मास्तरांना मग आठवण झाली ती खिळ्याला टांगलेल्या जुन्या फर्म्याची, मधली आली त्या वर्षीच्या. त्यांनी त्यावरची धूळ झटकली, टेबलावर ठेवला आणि नवा फर्मा त्यावर टाकला. कमरेशी जुना पुठ्ठा दोन्ही बाजूंनी चांगला बोटभर बाहेर डोकावत होता.  मग त्यांनी मान वर केली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आपल्या पुतणीकडे पाहिलं. गळ्याची हाडं, मनगटं, डोळ्यांखालचं काळं.

मला वाटलं, आता. आता हा माणूस काहीतरी बोलेल. मधलीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं श्वास धरला होता.

मास्तर म्हणाले, "हे काय करून ठेवलंस, मधले? अख्खा माल वाया घालवलास!"

मी रडू शकत नाही. तीही रडली नाही. स्टुलावर उभी राहून, साध्या आवाजात, चिल्लर परत मागावी तशी ती म्हणाली, "काका, मी गेले होते डॉक्टरकडे. ते म्हणाले, अजून कमी झालं तर या. मी वाट बघत होते. आता पुरेसं झालंय का, तेवढं मोजून सांगता?"

एकेक करत सगळी मशिनं थांबली. कुणी कुणाकडे बघेना. इस्त्रीखालचं कापड करपल्याचा वास सुटला तेव्हा कुठे काकू उठली आणि तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं.

"कधी गेली होतीस?" तिनं विचारलं.

"तुम्ही म्हणालात ना, जेवण चावतं का, त्यानंतर."

 काकूनं मधलीचा हात धरून तिला स्टुलावरून उतरवलं आणि ड्रेसच्या टाचण्या एकेक करून काढल्या. दुसऱ्या दिवशी दोघी मोठ्या दवाखान्यात गेल्या. तिथे खास याच दुखण्यावर उपचार करणारी एक बाई होती. आल्यावर मधली आत जाऊन झोपली आणि काकू मावशींच्या शेजारी जमिनीवरच बसली.

"त्या बाईनं वजनकाट्याकडे पाहिलंसुद्धा नाही पहिल्यांदा," ती सांगत होती. "म्हणाली, ते मागाहून. आधी सांग, दिवसभरात डोक्यात जेवणाशिवाय दुसरं काही येतं का? आणि ही जी रडायला लागली! मला माहीतच नव्हतं हो, हिच्यात एवढं रडू साचलंय."

"मग?"

"मग म्हणाली, हे दुखणं थोडं असतानाच यायचं असतं, म्हणजे लवकर आवरतं. तर ही म्हणते, थोडं असतानाच आले होते." काकूनं पदरानं तोंड पुसलं. "मला मान वर करता येईना."

मावशींनी हातातलं बटण चुकीच्या काजाशी लावलं आणि पुन्हा उसवलं.

आता सगळं नीट झालं असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मी खोटं बोलण्यासाठी बनलेलो नाही. नीट झाली ती मालाची सोय. मास्तरांनी परत आलेल्या गठ्ठ्यांवरचं 'मधलं' खोडलं आणि 'लहान' लिहिलं. एका दुपारचं काम. सगळा माल खपला. मुलीच्या बाबतीत असं खोडून दुसरं लिहिता आलं नाही. ती अजून त्या बाईंकडे जाते. काही दिवस जेवते, काही दिवस ताटासमोर नुसती बसून राहते. काकू तिच्याशेजारी बसते, काही वाढत नाही, काही बोलत नाही. हे काकूला किती जड जातं ते मला दिसतं. परीक्षेचं तिचं एक वर्ष गेलं. जे सुरुवातीला थोड्यात आवरलं असतं, ते आता लांबलंय.

मास्तरांनी माफी मागितली नाही. त्यांना ती मागता येत नाही. पण दवाखान्यातून दोघी आल्या त्याच आठवड्यात ते तेलाची कुपी घेऊन माझ्यासमोर बसले. कमरेच्या चावीत चार थेंब सोडले, थोडं थांबले, फडक्यानं धरून फिरवली. 'कट्' झालं आणि चावी फिरली. मास्तर तिथेच बसून राहिले, हातात कुपी तशीच. चार थेंबांचं काम होतं, मित्रांनो. त्याला आम्ही सगळ्यांनी किती वर्षं 'बघू' म्हटलं होतं.

आता स्टुलाजवळ पुन्हा मी उभा असतो. टाचण्या मला टोचतात. टोचू देत. टोचून घेण्यासाठीच मला बनवलंय. परवा व्यापारी आला, मला बघून नाक मुरडलं आणि म्हणाला, "हे खोकं परत काढलं? तुमची मधली कुठे गेली? काय झकास बारीक झाली होती! बोलवा तिला, हा ड्रेस अंगावर बघू."

मास्तर खाली बघून खडू शोधायला लागले. उत्तर पडद्यामागून काकूनं दिलं.

"जेवतेय ती. थांबायचं तर थांबा, नाहीतर जा."

व्यापारी थांबला. बराच वेळ थांबला. पडद्यामागून अधूनमधून ताटावर चमचा वाजत होता. आमच्या कारखान्यात इतकी मशिनं आहेत, पण त्या आवाजासाठी सगळी गप्प होती.

मित्रांनो, मी म्हातारा झालोय, माझी कातडी उसवत चाललीय, कधीतरी मीही त्या चिंध्यांच्या पोत्यात जाईन. त्याआधी एवढं ऐका. तुमचं दुखणं थोडं आहे म्हणून ते मोठं व्हायची वाट बघू नका. एका दारातून परत पाठवलं तर दुसरं दार ठोठावा, घरच्यांनी हसण्यावारी नेलं तर पुन्हा सांगा, ते हसायचे थांबेपर्यंत सांगा. आणि कुणी शेंगा सोलता सोलता तुमच्याजवळ येऊन हळूच म्हणालं की मला जेवायची भीती वाटते, तर त्याच्या गालांकडे, कमरेकडे, मनगटांकडे बघून ठरवू नका. त्याचं माप काढू नका. मापं काढायला मी आहे.